एका ओळीचा फरक

तर झालं असं, की गेले तीन शनिवार मी सकाळी चहाचा कप घेऊन एका जंतूच्या एन्झाइमसमोर बसतोय. (एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात. शाळेच्या पुस्तकाबाहेर हा शब्द मी कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही, त्यामुळे एन्झाइमच.) मी बायोलॉजीवाला नाही. अकरावीला बायोलॉजी टाकून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा बेडकापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या सर्व्हरचे लॉग वाचतो आणि शनिवार-रविवारी इथे काहीबाही लिहितो. पण या खेपेला विषय मी निवडलेला नाही. तो घरात आला.

धाकट्या भावाला टीबी झाला.

हे एवढं वाक्य लिहायला मला चार महिने लागले. आमच्या घरात हा शब्द उच्चारत नाहीत. आजीची थोरली बहीण मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये होती, ती परत आली नाही, आणि आजी शेवटपर्यंत "तिला छातीचं दुखणं होतं" एवढंच म्हणायची. या वेळीही आईनं सोसायटीत "टायफॉइड उलटलाय" असं सांगून ठेवलं. शेजारच्या काकू डाळिंबं घेऊन बघायला आल्या, तेव्हा भाऊ आतल्या खोलीत तोंडाला मास्क लावून बसला होता आणि आम्ही बाहेर टायफॉइडवर चर्चा करत होतो. असो.

पावसाळ्यात खोकला सुरू झाला. पुण्यात पावसाळ्यात कोण खोकत नाही? मग संध्याकाळची कणकण, मग पँटला पट्टा लागायला लागला, मग एक्स-रे, मग थुंकीची तपासणी. सीबीनाट म्हणून एक मशीन असतं, ते दोन तासांत सांगतं की टीबीचा जंतू आहे का, आणि रिफॅम्पिसिन हे औषध त्याला लागू पडेल का. जंतू होता. रिफॅम्पिसिनला विरोध नव्हता. डॉक्टर म्हणाले, चला, साधा टीबी आहे, सहा महिन्यांत बरा होईल. त्याच थुंकीचा उरलेला भाग 'एलपीए' नावाच्या आणखी एका तपासणीला पाठवला होता. "तो रिपोर्ट येईल मागाहून," असं सांगितलं गेलं आणि आम्ही सगळे ते विसरलो.

रोज सकाळी अनशापोटी चार गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं: आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. दोन महिन्यांनी पुन्हा थुंकी तपासली. जंतू होतेच.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "मधे गोळ्या चुकल्या का? खरं सांगा." भाऊ म्हणाला, एकही नाही. घरी आल्यावर आई सुरू झाली. रात्री उशिरा येतोस, डबा विसरतोस, चावी विसरतोस, गोळ्या तेवढ्या विसरत नसशील! मी तर त्याहून पुढे गेलो. मी कचऱ्याच्या डब्यातली रिकामी पाकिटं मोजली. एक्सेल शीट केली. तारीख, अपेक्षित गोळ्या, सापडलेली पाकिटं. दोन पाकिटांचा हिशेब लागेना, तो रकाना लाल केला आणि शीट त्याला दाखवली. (ती दोन पाकिटं पुढे त्याच्या ऑफिसच्या सॅकमध्ये सापडली.)

त्यानं शीट पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "दादा, रिफॅम्पिसिननं लघवी केशरी होते. रोज सकाळी होते. ती पण येऊन बघ."

त्यानंतर अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. टू बीएचकेमध्ये अकरा दिवस न बोलणं सोपं नसतं हो, त्याला कसब लागतं.

मग कोणाला तरी त्या दुसऱ्या रिपोर्टची आठवण झाली. मी गाडी काढून प्रयोगशाळेत गेलो. रिपोर्ट सात आठवडे तयार होऊन पडला होता. का, ते कोणालाच सांगता आलं नाही. एलपीए म्हणजे कागदाच्या बारीक पट्टीवर रेषा उमटतात, जंतूच्या ठरावीक जीन्सच्या ठरावीक जागा ठीक आहेत की बदलल्यात ते सांगणाऱ्या. सगळ्या जागा ठीक होत्या, एक सोडून. 'कॅट-जी' नावाच्या जीनपुढे लिहिलं होतं: मूळ रूपाची रेषा नाही, 'म्युटेशन वन'ची रेषा आहे. डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळ्या बदलल्या. आयसोनायझिड बंद, त्या जागी लिव्होफ्लॉक्सासिन, आणि आता इथून पुढे सहा महिने. बाहेर पंधरा पेशंट होते. मी ते 'कॅट-जी' डोक्यात घेऊन घरी आलो.

आता खरी गंमत सुरू होते (गंमत हा शब्द मी फार विचार करून वापरलेला नाही).

लहानपणी गुडघा फुटला की आई त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायची आणि फस्सकन फेस यायचा, आठवतंय? तो फेस म्हणजे ऑक्सिजन. आपल्या रक्तात कॅटलेझ नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचे दोन रेणू घेतं आणि दोन पाण्याचे, एक ऑक्सिजनचा करून सोडतं. पेरॉक्साइड हे जळजळीत रसायन आहे, पेशीतलं काहीही जाळत सुटतं. म्हणूनच आपल्या पांढऱ्या पेशी ते शस्त्र म्हणून वापरतात. टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की या पेशी त्याला गिळतात आणि त्याच्यावर पेरॉक्साइड आणि त्याच्या भाऊबंदांचा मारा करतात. आणि हा पठ्ठ्या त्यातही जगतो, कारण त्याच्याकडे स्वतःची ढाल आहे. ती ढाल म्हणजे कॅट-जी. पेरॉक्साइड आलं की पाणी करून टाकायचं. २००४ साली उंदरांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडला. कॅट-जी काढून टाकलेले जंतू साध्या उंदरात टिकत नाहीत, पण ज्या उंदरांच्या पेशींना हा मारा करताच येत नाही, त्यांच्यात मात्र मजेत वाढतात. ढाल कोणासाठी होती, याचा इतका स्वच्छ पुरावा आमच्या धंद्यात क्वचित मिळतो.

दुसऱ्या बाजूला आयसोनायझिड. हे औषध १९१२ साली प्राग शहरात हान्स मायर आणि योसेफ माली या दोघांनी बनवलं, तेव्हा टीबीचा विचारही त्यात नव्हता. पुढची जवळपास चाळीस वर्षं ते नुसतं नोंदीत पडून. १९५१ च्या सुमारास तीन औषध कंपन्यांना, एकमेकींना पत्ता नसताना, त्याचा टीबीवरचा गुण सापडला, आणि १९५२ मध्ये न्यू यॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमधल्या मरणपंथाला लागलेल्या पेशंट लोकांचे हसरे फोटो जगभर छापून आले. आपल्याकडे १९५६ पासून मद्रासला एक मोठी चाचणी झाली. अर्ध्या पेशंटना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना घरी राहून औषधं दिली. औषधांत आयसोनायझिड होतंच. १९५९ मध्ये निकाल लागला तेव्हा घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते. आजीच्या बहिणीला मिरजेला जावं लागलं आणि माझा भाऊ आतल्या खोलीत राहू शकला, यामागे ती चाचणी आहे.

पण आयसोनायझिड स्वतः विष नाहीच मुळी! ते जंतूच्या आत शिरतं तेव्हा निरुपद्रवी असतं. आत गेल्यावर कॅट-जी त्याला पकडतं, त्याचा एक तुकडा तोडतं, उरलेला भाग जंतूच्याच एका रेणूला चिकटतो, आणि ते जोडकाम जाऊन जंतूच्या मेणचट भिंतीचा कारखाना बंद पाडतं. म्हणजे ढाल धरणाराच स्वतःच्या हातानं बॉम्बची पिन काढतो. १९५० च्या दशकात गार्डनर मिडलब्रूक यांच्या लक्षात आलं होतं, की आयसोनायझिडला न जुमानणाऱ्या बऱ्याच जंतूंमध्ये कॅटलेझचं काम थांबलेलं असतं. म्हणजे पेरॉक्साइड टाका, फेस नाही. यामागे नेमका कोणता जीन, हे १९९२ साली सिद्ध झालं.

म्हणजे जंतूपुढे पेच असा. कॅट-जी ठेवावं तर औषध मारतं. टाकून द्यावं तर औषधातून सुटका, पण ढाल गेली. मिडलब्रूक यांनी गिनिपिगवर हेही पाहिलं होतं, की असे ढाल टाकलेले जंतू आजार पसरवण्यात कच्चे पडतात. प्रॉडक्शनमधला बग काढायला अख्खं मॉड्यूल उडवल्यासारखं ते. बग जातो, सिस्टिमही जाते.

मग माझ्या भावाच्या फुप्फुसातल्या जंतूंनी काय केलं होतं? त्यासाठी एन्झाइमचा आकार बघावा लागतो.

एन्झाइम साध्या सूक्ष्मदर्शकातून असं अणू-अणू मोजता येत नाही. पूर्वापार मार्ग म्हणजे त्याचे स्फटिक करायचे. खडीसाखर करताना साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून दिवसेंदिवस हात न लावता ठेवतात ना, जवळपास तसंच. शुद्ध केलेल्या प्रथिनाचा थेंब ठेवायचा, हळूहळू पाणी उडू द्यायचं, आणि नशीब असेल तर अब्जावधी रेणू शिस्तीत एकाच पोझमध्ये रांगेत उभे राहतात. (नशीब नसेल तर चिखल मिळतो. बहुतेकदा चिखलच मिळतो म्हणे.) त्यावर क्ष-किरण सोडायचे, जे ठिपके पडतात त्यावर गणित करायचं, इलेक्ट्रॉनचे ढग मिळतात, त्या ढगांत प्रथिनाची साखळी बसवायची. टीबीच्या कॅट-जीचं असं चित्र २००४ साली प्रसिद्ध झालं, २.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईनं. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम. दोन कार्बन एकमेकांना धरून उभे असतात त्यांच्यातलं अंतर साधारण दीड, तेव्हा २.४ म्हणजे चेहरा ओळखू येतो पण पापण्या मोजता येत नाहीत असा फोटो.

आणि हे सगळं फुकट आहे! प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून चालू आहे. तिथून '१ एसजे २' या नावाची फाइल उतरवली, उघडली, आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. साधी टेक्स्ट फाइल! एका अणूला एक ओळ: अणूचं नाव, तो कुठल्या अमिनो आम्लातला, साखळीत कितवा, आणि एक्स, वाय, झेड. ओळीची रुंदी ऐंशी अक्षरं, कारण हा फॉरमॅट पंच कार्डांच्या जमान्यातला. ज्यांनी कधी बँकेच्या मेनफ्रेमवर काम केलंय त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

पायमॉलमध्ये फाइल उघडली. दोन जुळे रेणू एकमेकांना बिलगून बसलेले, प्रत्येकात ७४० अमिनो आम्लांची साखळी. प्रत्येक जुळ्याचेही दोन अर्धे भाग, आणि ते दिसायला सारखे, कारण कधीकाळी जीनचं कॉपी-पेस्ट झालंय. पण काम एकच भाग करतो. त्याच्या पोटात हीम आहे, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं तसंच, मधोमध लोखंडाचा एक अणू असलेलं. दुसऱ्या भागात हीम नाही, काही नाही. मग काढून टाकावा की! ई. कोलायच्या कॅट-जीवर हा उद्योग करून बघितला गेला, आणि तो रिकामा भाग काढल्यावर कामाचा भागही बंद पडला. लेगसी कोडला हात लावू नये हे सूक्ष्मजंतूंनाही लागू आहे तर.

हीमच्या डोक्यावर आणखी एक नवल. साखळीतली १०७, २२९ आणि २५५ क्रमांकाची अमिनो आम्लं, एकमेकांची शेजारी नसलेली, चक्क रासायनिक बंधानं एकमेकांना टाचलेली आहेत. हा टाचा एन्झाइम स्वतःच घालतं, तोही पेरॉक्साइड वापरून. टाचा नसेल तर त्याची पेरॉक्साइडचं पाणी करण्याची ताकद जाते. शत्रूच्या दारूगोळ्यातूनच ढालीचा खिळा!

आता मुद्द्यावर. बाहेरून त्या हीमपर्यंत जायला एक चिंचोळी वाट आहे. त्या वाटेवर, हीमच्या कडेला, ३१५ क्रमांकावर सेरीन नावाचं अमिनो आम्ल बसलंय. फाइलमध्ये त्याच्या सहा ओळी आहेत. (हायड्रोजन इतक्या बारकाईला दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या ओळीच नाहीत.) भावाच्या रिपोर्टवरचं 'म्युटेशन वन' म्हणजे जीनमध्ये या जागी 'एजीसी'चं 'एसीसी' झालंय. ४४ लाख अक्षरांच्या जिनोममध्ये एक अक्षर. त्यानं सेरीनचं थ्रिओनिन होतं. थ्रिओनिनच्या ओळी किती? सात. एक कार्बन जास्त. डिफ काढला तर एक ओळ.

तो जास्तीचा कार्बन वाटेत डोकं काढून उभा राहतो. हा बदल असलेल्या एन्झाइमचेही स्फटिक २००६ साली अभ्यासले गेले, आणि वाट आणखी अरुंद झालेली दिसली. पेरॉक्साइड म्हणजे चारच अणूंचं चिलट, ते बिनधास्त जातं. आयसोनायझिडला तेवढी जागा पुरत नाही. ढाल चालू, पिन काढणं जवळपास बंद. २००२ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं, की हा ३१५ चा बदल झालेले जंतू आजार पसरवण्यात कच्चे पडत नाहीत. म्हणूनच आयसोनायझिडला न जुमानणाऱ्या पेशंटमध्ये जगभर सगळ्यात जास्त हाच बदल सापडतो. २०१७ मध्ये पाच हजारांहून जास्त जंतूंचे जिनोम वाचून असंही दिसलं, की औषधांना विरोध जमत जातो तेव्हा ३१५ बहुधा आधी येतो, रिफॅम्पिसिनचा नंतर. आणि आमच्या त्या पहिल्या मशीननं पाहिलं होतं फक्त रिफॅम्पिसिन. मशीन खोटं बोललं नव्हतं. आम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या शनिवारी हे सगळं वाचून झाल्यावर मी रिपोर्ट पुन्हा हातात घेतला आणि नमुना घेतल्याची तारीख बघितली. भावानं पहिली गोळी गिळली त्याच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे तो बदल आधीच होता. एकही गोळी पोटात जायच्या आधी. त्यानं काही चुकवून तो घडवला नव्हता, कोणाच्या तरी खोकल्याबरोबर तो तयारच आत आला होता. आणि खरं तर तारखेचीही गरज नव्हती. चारही औषधं एकाच गोळीत आहेत. गोळी चुकली तर चारही चुकणार, एकटं आयसोनायझिड कसं चुकेल? दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधला चुकीचा तर्क शोधणारा माणूस मी, आणि घरच्या आरोपीवर मात्र पाकिटं मोजून खटला चालवला.

भाऊ मॅच बघत होता. मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला आणि सहा ओळी आणि सात ओळी शेजारी-शेजारी दाखवल्या. बराच वेळ बोललो. त्यानं आवाज बारीक केला पण नजर टीव्हीवरच.

"एवढंच? एक ओळ?"

"एक ओळ."

"आणि हे माझ्या गोळ्यांच्या आधीपासून होतं?"

"हो. माझं चुकलं रे."

"ती एक्सेल डिलीट कर," तो म्हणाला. मी त्याच्यासमोर शिफ्ट दाबून डिलीट केली. मग म्हणाला, "आईला तू सांग. मी सांगितलं तर तिला पटणार नाही."

आईला स्फटिकबिटिक काही सांगितलं नाही. आजार आला तेव्हापासूनच त्याला ती गोळी लागू पडत नव्हती, एवढंच सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले, आणि तिनं मला जे विचारलं ते माझ्या तीन शनिवारांत मला एकदाही सुचलं नव्हतं.

"मग त्याच्यापासून कोणाला झाला असेल, तर त्यालाही ती गोळी चालणार नाही?"

काकूंचा नातू. सात वर्षांचा. पावसाळाभर रोज संध्याकाळी तो आमच्याकडे भावाबरोबर कॅरम खेळायला यायचा, त्याच खोलीत, खिडक्या बंद करून. आई हात धुऊन तशीच शेजारी गेली. अर्धा तास आली नाही. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी काकू, त्यांची सून आणि नातू आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आले, आणि भावाचा रिपोर्ट आईनं स्वतः पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

नातवाला आजार नाही. पण सहवासातल्या मुलांना प्रतिबंधक म्हणून औषध देतात, आणि वर्षानुवर्षं ते औषध म्हणजे आयसोनायझिडच, सहा महिने. डॉक्टरांनी कॅट-जीची ओळ वाचली आणि त्याऐवजी चार महिने रिफॅम्पिसिन लिहून दिलं, वजनाप्रमाणे. आता पोरगं वर्गात सगळ्यांना सांगत सुटलंय, की त्याची शू केशरी होते. भाऊ म्हणतो, निदान त्याच्यावर तरी सगळ्यांचा विश्वास बसतोय.